मोठे डॉक्टर निवृत्त झाल्यानंतरचं इस्पितळ : पाचपैकी साडेतीन

एकतीस वर्षं चौथीचे पेपर तपासले, त्यामुळे गुण द्यायला मी कचरत नाही. ज्या संस्थेला गुण देतेय तिचं नाव मात्र लिहिणार नाही. ह्यांची फाईल अजून तिथेच आहे आणि दर काही महिन्यांनी आम्हाला त्याच दारातून आत जायचं आहे. घाटापलीकडचं शहर, खाजगी ट्रस्टची संस्था. पुढच्या इमारतीत मेंदूचं इस्पितळ, मागच्या इमारतीत संशोधन, आणि मधे एक भलंमोठं पावसाचं झाड, ज्याच्याखाली अर्धा गोवा चपला काढून बसलेला असतो. जे जातात ते ओळखतील.

ह्यांना पार्किन्सन आहे हे सगळ्यांत आधी मला कळलं, ते हातावरून नव्हे, अक्षरावरून. हे बांधकाम खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झाले. देवस्थानचा जमाखर्च लिहायचे, आणि गावच्या नाटकाला पेटी वाजवायचे. २०१२ च्या चवथीला वर्गणीची वही माझ्या हातात आली. ओळीच्या सुरुवातीला अक्षर नेहमीसारखं टपोरं, आणि ओळ संपेपर्यंत मुंगीएवढं. चौथीतल्या मुलाचं अक्षर असं झालं असतं तर मी त्याच्या आईला बोलावून घेतलं असतं. इथे आई मीच. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, एका तरुण डॉक्टरांनी ह्यांना एक वाक्य लिहायला लावलं, एक गोगलगाईसारखं वेटोळं काढायला लावलं, बोटं आपटायला लावली, आणि दहा मिनिटांत सांगितलं. हात थरथरायच्या आधीच मेंदूतल्या एका छोट्या काळ्या भागातल्या निम्म्याहून जास्त पेशी गेलेल्या असतात, हेही त्यांनीच समजावलं. जेम्स पार्किन्सन नावाच्या लंडनच्या डॉक्टरने १८१७ साली हा आजार लिहून ठेवला. म्हणजे आजार जुना, आम्हीच नवे.

पुढची पाच वर्षं गोळ्यांवर बरी गेली. मग गोळी चढली की अंग वेडंवाकडं हलायचं आणि उतरली की खुर्चीतून उठवत नसे. कोणीतरी घाटापलीकडच्या ह्या संस्थेचं नाव सांगितलं. २०१८ मध्ये तिथे शस्त्रक्रिया झाली. डोक्यात दोन बारीक तारा, कातडीखालून गळ्यापाशी उतरलेल्या, आणि छातीत पेसमेकरसारखी डबी, जी तारांतून मेंदूला विजेचे बारीक ठोके देते. १९८७ साली फ्रान्समधल्या ग्रनोबल गावात बेनाबिद नावाच्या शल्यविशारदांनी हा उपचार रुजवला. पेशंटला जागं ठेवून करतात. मोठ्या डॉक्टरांनी आत ह्यांना पाटीवरच्या कागदावर सही करायला लावली आणि मधेच एका सिस्टरकरवी तो कागद बाहेर माझ्याकडे पाठवला. सही आमच्या लग्नाच्या वर्षातली होती. त्यासाठी आम्ही भाटाचा, म्हणजे बागायतीचा, खालचा तुकडा विकला, त्याचं दुःख त्या दिवशीपुरतं तरी गेलं.

आता मुद्द्याकडे येते. संस्था उभी करणारे हे मोठे डॉक्टर २०२३ च्या शेवटी संचालकपदावरून उतरले. गेली दोन वर्षं झाडाखाली दुसरा विषय नाही. म्हणून हे परीक्षण खोल्यांचं, जेवणाचं वगैरे कमी आणि त्या बदलाचं जास्त आहे.

मोठ्या डॉक्टरांविषयी वाईट लिहायला हात धजत नाही, पण लिहायला हवं. ते पेशंटच्या खाटेवर बसायचे. ह्यांच्याशी पाऊण तास बोलायचे, त्यातली वीस मिनिटं नाटकावर. देवमाणूस. पण सगळं इस्पितळ त्यांच्या मानेवर उभं होतं. गोळी अर्ध्याने वाढवायची तरी त्यांची सही. ते परिषदेला परदेशी गेले की ओपीडीत हाताखालचे डॉक्टर फक्त नाडी बघायचे आणि ‘सर आल्यावर’ म्हणायचे. एकदा आम्ही रात्रभर बसने, मोलेचा घाट ओलांडून, हे अर्धे ताठलेल्या अवस्थेत, तिथे पोचलो, तर सर जपानला. दोन दिवस धर्मशाळेच्या खोलीत बसलो. राग कोणाचा करणार? देवळात देव नसला तर पुजाऱ्याशी भांडता येतं, इथे पुजारीसुद्धा हात जोडून उभे.

निरोपाच्या दिवशी योगायोगाने आम्ही तिथेच होतो. शाल, श्रीफळ, ट्रस्टींची लांबलचक भाषणं. मोठे डॉक्टर दीड मिनिट बोलले. म्हणाले, ‘बुधवारी मी ओपीडीत असेन, मागच्या खोलीत. पुढची खोली आता मॅडमची.’ एवढंच. झाडाखाली बायका डोळे पुसत होत्या. माझ्या शेजारी कुडचड्याची एक बाई होती, तिच्या मुलाला फिट्स येतात. ती म्हणाली, ‘नवी मॅडम सर्जन नाही म्हणे. मागच्या बिल्डिंगीत उंदरांवर काम करायची.’ माझ्याही पोटात गोळा आलाच. उंदरांच्या डॉक्टरकडे आपला नवरा कसा सोपवायचा?

मॅडम उंदरांच्या नव्हत्या. फिट्सच्या आजारावर त्यांचा अभ्यास, आणि पेशंटही बघायच्या, पण आम्ही पार्किन्सनवाले त्यांच्या वाटेला कधी गेलो नव्हतो. आल्या-आल्या त्यांनी सभागृहात पेशंट आणि नातेवाइकांची बैठक घेतली. आधीच्या काळात असं कधी झालं नव्हतं, कारण गरजच पडली नव्हती, सगळे सरांना वैयक्तिक ओळखायचे. मॅडमनी पडद्यावर दोन संस्था दाखवल्या. पहिली कॅनडातल्या माँट्रियलची. तिथे वाइल्डर पेनफिल्ड ह्यांनी १९३४ साली मेंदूची संस्था आणि इस्पितळ एका छताखाली उघडलं, १९६० पर्यंत तेच संचालक, आणि नंतर त्यांचे सहकारी थिओडोर रासमुसेन. संस्थापक गेला म्हणून दारं बंद झाली नाहीत. आमच्या संशोधन इमारतीच्या जिन्यात एक विचित्र चित्र आहे, केवढाले ओठ, केवढाले हात आणि किडमिडं अंग असलेला माणूस. शरीराच्या कोणत्या भागाला मेंदूत किती जागा, त्याचा तो नकाशा, आणि तो पेनफिल्डांच्याच कामातून आलेला, हे मला त्या दिवशी कळलं. सहा वर्षं मला वाटत होतं की कुठल्यातरी मुलाने काढलेला रावण आहे.

दुसरी संस्था आपल्याकडची, बेंगळुरूची निम्हान्स. म्हैसूर सरकारचं मनोरुग्णालय आणि १९५४ ची अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था एकत्र करून १९७४ साली ती झाली, आणि २०१२ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाची. तिथे संचालकाची मुदत ठरलेली, जाहिरात निघते, निवड होते, माणसं येतात-जातात. मॅडमचं म्हणणं असं की आपल्यालाही तसंच व्हायचंय. ट्रस्टींच्या रांगेत त्या वेळी दोन माणसं छताकडे बघत होती. ट्रस्टमध्ये जागा वारशाने मिळतात हे गोव्याच्या माणसाला समजावून सांगायला नको, आमची देवस्थानं आहेत.

पहिल्या सहा महिन्यांत जे बदललं ते सांगते. केसपेपरचे पैसे वाढले. ओपीडीला आजाराप्रमाणे वार ठरले. मंगळवारी पार्किन्सन, आणि त्याच दिवशी त्याच मजल्यावर फिजिओथेरपी, बोलण्याचं शिक्षण देणारी मुलगी आणि आहारवाली बाई. पूर्वी ह्या तिघांसाठी तीन फेऱ्या व्हायच्या. पूर्वी सकाळी आठला टोकन घेतलं की दुपारी दोनला नंबर यायचा, आता दीड तासात आटोपतं. ह्यासाठी एक पूर्ण गुण.

आहारवाल्या बाईचं एक वेगळं सांगायला हवं, कारण ते सहा वर्षांत आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. दुपारी दोनची गोळी ह्यांना लागूच पडत नसे. डोस वाढवला, वेळ बदलली, काही नाही. बाईंनी फक्त विचारलं, ‘दुपारी जेवता काय?’ मी म्हटलं, ‘काय म्हणजे? भात, हुमण, तळलेले बांगडे.’ ‘किती?’ ‘दोन. मोठे असले तर दीड.’ पार्किन्सनची मुख्य गोळी लेव्होडोपाची. ती आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जाते त्याच वाटेने प्रथिनंही जातात. एका दारात दोघांची रेटारेटी, आणि बांगडा जिंकतो. तेव्हापासून मासे रात्रीच्या जेवणाला, दुपारी भाजी, सोलकढी, आणि गोळी जेवणाच्या पाऊण तास आधी. दुपारच्या हुमणाशिवाय गोव्यातला माणूस जगवणं सोपं नव्हतं. पहिले पंधरा दिवस हे माझ्याशी बोलत नव्हते. पण दोनची गोळी लागते. मोठे डॉक्टर ह्यांच्याशी नाटकावर वीस मिनिटं बोलले, जेवणावर एकदाही नाही.

आता जे बिघडलं ते.

डबी आणि तारा बसवल्या म्हणजे झालं असं नसतं. दर काही महिन्यांनी प्रोग्रामिंग करावं लागतं. आदल्या रात्रीपासून गोळ्या बंद, सकाळी लाकडासारखा झालेला माणूस खुर्चीत बसवायचा, आणि छातीवर यंत्र धरून एकेक आकडा बदलत बघायचं. किती व्होल्ट, सेकंदाला किती वेळा, प्रत्येक ठोका किती लांब. ह्यांचं बरेचदा सेकंदाला १३० ठोके आणि ठोका ६० मायक्रोसेकंदांचा, ह्यावर स्थिर, खेळ व्होल्टचा. हे सगळं २०१८ पासून एक सिस्टर बघायच्या. केरळच्या, पन्नाशीच्या, मोडकं हिंदी, आणि माणूस चालत आला की त्याच्या पावलाच्या आवाजावरून ओळखायच्या. त्यांनी प्रत्येक पेशंटला एक तपकिरी पुठ्ठ्याची वही करून दिली होती. तारीख, आकडा, आणि पुढे एक ओळ. ह्यांच्या वहीत मार्च २०१९ ला लिहिलंय : डाव्या बाजूला ३.४ केलं, हात उत्तम, बोलणं जड. ३.१ ला परत आणलं.

नव्या व्यवस्थेत वह्या बंद झाल्या. सगळं संगणकावर, प्रत्येक पेशंटला क्रमांक, फोनवर ॲप. सिस्टर त्याच सुमारास निवृत्त झाल्या. त्यांच्या निरोपाला शाल नव्हती, हे मला झाडाखालच्या चहावाल्याकडून कळलं. गेल्या वर्षी मे महिन्यात प्रोग्रामिंगला गेलो तर खोलीत दोन तरुण डॉक्टर, हुशार, नम्र, हातात टॅब्लेट. मी पिशवीतून वही काढली. एक जण हसून म्हणाला, ‘आंटी, इसकी ज़रूरत नहीं, सब सिस्टम में है.’ मी वही परत पिशवीत टाकली. ह्याचा राग मला त्यांच्यापेक्षा माझाच जास्त येतो. एकतीस वर्षं मुलांना सांगितलं, वही बाईंना दाखवल्याशिवाय जागेवर जायचं नाही.

सिस्टममध्ये आजचा आकडा होता. छातीतल्या डबीतही आजचा आकडा असतो. पण कोणता आकडा पूर्वी करून बघितला आणि का सोडून दिला, हे कुठेच नव्हतं. जुन्या नोंदी नव्या संगणकात नेताना फक्त शेवटची ओळ नेली होती. त्यांनी ह्यांचा डावा भाग वाढवला. ३.४. हात सुंदर चालायला लागला, हे तिथल्या तिथे खुर्चीच्या दांड्यावर बोटं वाजवून दाखवत होते. आम्ही खूश होऊन बसमध्ये बसलो. पहाटे घाट उतरताना ह्यांनी ड्रायव्हरला गाडी थांबवायला सांगितलं आणि त्याला कळेना. दोनदा सांगितलं, तीनदा सांगितलं. शेवटी मी सांगितलं. जिभेवर कोणीतरी ओलं कापड टाकल्यासारखं बोलणं झालं होतं.

पुढच्या शनिवारी देवळात भजन होतं. पेटी बरी वाजली. गजर सुरू झाला तेव्हा ह्यांनी तोंड उघडलं, आणि मिटून घेतलं.

फोन केला तर ॲपवर तक्रार नोंदवा म्हणाले. ॲपवर नोंदवली तर ‘आपले समाधान झाले का?’ असा प्रश्न दुसऱ्या दिवशी आला, उत्तर यायच्या आधीच. मग मी जुन्या पद्धतीने, दोन पानी पत्र लिहिलं, टपोऱ्या अक्षरात, इंग्रजीत, संचालकांच्या नावे. वहीतल्या मार्च २०१९ च्या पानाची झेरॉक्स जोडली आणि रजिस्टर पोस्टाने पाठवलं. फोंड्याच्या पोस्टात तासभर लागला, त्याचं परीक्षण पुन्हा कधी.

नवव्या दिवशी मॅडमचा स्वतःचा फोन. ‘टीचर, चूक आमची आहे.’ हे वाक्य मी इस्पितळातून पहिल्यांदा ऐकलं, आणि खरं सांगायचं तर मोठ्या डॉक्टरांकडूनही कधी ऐकलं नव्हतं. जपानच्या वेळीही नाही. पुढच्या मंगळवारी बोलावलं, पैसे घेतले नाहीत. ३.१ केलं, दुसरीकडे थोडा फेरफार केला, आणि तासाभरात ह्यांनी त्या तरुण डॉक्टरला स्वच्छ आवाजात विचारलं, ‘आता कळतंय का मी काय बोलतोय?’ बिचारा लाल झाला. वहीची सगळी पानं त्यांनी स्कॅन करून घेतली. आता दारावर इंग्रजीत आणि कन्नडमध्ये पाटी आहे की जुनी वही असल्यास सोबत आणावी. मराठीत नाही.

हा मराठीचा मुद्दाही ह्याच पत्रात होता. नव्या राजवटीत मागच्या इमारतीतलं संशोधन पुढे आलं आहे. पेशंटच्या नोंदी, स्कॅन, रक्त अभ्यासाला वापरायला संमती मागतात. मला त्यात गैर वाटत नाही. माँट्रियलच्या संस्थेने २०१६ पासून आपलं संशोधन सगळ्यांना खुलं ठेवायचं ठरवलं, तसंच काहीतरी मॅडमना करायचं आहे. पण संमतीपत्र अकरा पानी, इंग्रजी किंवा कन्नड. रांगेत सिंधुदुर्गातला एक म्हातारा अंगठा उठवत होता. मी त्याला थांबवलं आणि पहिल्या पानापासून मराठीत वाचून दाखवलं. आठव्या पानावर मृत्यूनंतर मेंदू देण्याविषयी वेगळा रकाना होता. त्याने तिथे ‘नाही’ असं लिहायला सांगितलं, बाकी सगळ्याला हो. न वाचता अंगठा लागला असता तर त्याचा ‘नाही’ कुठे गेला असता? सहा महिन्यांनी मराठी प्रत आली. भाषांतर यंत्राने केलेलं दिसतं, ‘ऊती’ ऐवजी ‘टिश्यू पेपर’ छापलंय. मी लाल पेनाने तपासून परत दिलं. बदलतील तेव्हा बदलतील.

ह्यांनी मेंदूच्या रकान्यात ‘हो’ लिहिलं. मी काही बोलले नाही. घरी येताना म्हणाले, ‘कापून बघतील तेव्हा नाट्यपदांशिवाय काही सापडायचं नाही.’

व्हिडिओवर तपासणी सुरू झाली हे मॅडमचं आणखी एक काम. देशात दूरवैद्यकाचे नियम मार्च २०२० मध्येच आले, पण मोठ्या डॉक्टरांना ते पटत नसे, पेशंटच्या अंगाला हात लावल्याशिवाय ते औषध लिहायचे नाहीत. त्यांचंही बरोबर होतं. ताठरपणा मनगट धरूनच कळतो. आमच्या डबीचे आकडे लांबून बदलता येत नाहीत, म्हणून प्रोग्रामिंगला जावंच लागतं. पण मधल्या फेऱ्या वाचल्या. वर्षाच्या चार रात्रीच्या बस दोनवर आल्या. ह्या वयात दोन रात्री म्हणजे काय ते बसच्या शेवटच्या सीटवर बसून बघा. फोन अंगणात, फणसाखाली धरावा लागतो, घरात रेंज नाही. गेल्या वेळी हे कॅमेऱ्यासमोर चालून दाखवत होते आणि मागे शेजाऱ्यांची गाय. डॉक्टर म्हणाले, चाल चांगली आहे, कोणाची ते सांगितलं नाही.

मोठे डॉक्टर बुधवारी मागच्या खोलीत अजून बसतात. आम्ही मंगळवारी प्रोग्रामिंग झालं की एक रात्र थांबून त्यांना भेटून येतो. ते आता औषध बदलत नाहीत. कोणी आग्रह धरला तर ‘पुढच्या खोलीत विचारा’ म्हणतात. पहिलं वर्षभर ही दोन खोल्यांची व्यवस्था त्रासाची झाली, लोक पुढून एक चिठ्ठी घ्यायचे आणि मागे जाऊन दुसरी मागायचे. पण त्यांनी एकदाही दिली नाही, हे मी स्वतः बघितलंय. ज्याच्या मानेवर इस्पितळ होतं त्याने मान काढून घेतली आणि छत खाली आलं नाही. ह्यात त्यांचं जास्त की मॅडमचं, मला ठरवता येत नाही. गुण दोघांत वाटून देते.

कॅन्टीन नव्या ठेकेदाराकडे गेलं आहे. पूर्वीचा उपमा बरा होता. चहा आता यंत्रातून येतो, तो पिऊ नका, झाडाखालच्या चहावाल्याकडे प्या. धर्मशाळेच्या खोल्या तशाच, गाद्या तशाच, फक्त भाडं ॲपवर भरायचं. न्हाणीघरात धरायला दांड्या बसवल्या आहेत, त्या पार्किन्सनच्या इस्पितळात इतकी वर्षं नव्हत्या हेच नवल.

दीड गुण का कापला, तर एक वहीचा. अर्धा सिस्टरच्या शालीचा. त्यांना परत बोलावणार अशी झाडाखाली चर्चा होती. मी फोन केला तेव्हा त्या गावी मिरीच्या मळ्यात होत्या, म्हणाल्या, आता नाही येणार, आणि ह्यांचा डावा पाय अजून ओढतो का ते विचारलं.

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी : मंगळवारची वेळ तीन आठवडे आधी घ्या. गोव्याहून रात्रीची बस सकाळी साडेसातच्या आसपास पोचवते, टोकन आठला. प्रोग्रामिंग असेल तर आदल्या रात्रीच्या जेवणानंतर गोळी नाही, त्यामुळे बसमध्ये सीट पुढची आणि वाटेवरची घ्या, उतरवायला दोन माणसं लागतात. जुने सगळे कागद न्या, आणि खोलीत जो कोणी टॅब्लेट घेऊन बसला असेल त्याच्यासमोर, तो नको म्हणाला तरी, उघडून ठेवा. मी फोंड्याच्या बाजारातून दोनशे पानी वही आणली आहे. तपकिरी पुठ्ठा मिळाला नाही, निळा आहे.